पडझड कुणाची? बीडीडी चाळ, विम्याचा कागद आणि 'कारण' नावाची अडचण

(व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकायला जरा रूक्ष आहे. इमारत कोसळली तर विम्याचे पैसे मिळतात का? आणि ती इमारत सरकारची किंवा महापालिकेची असेल, तर हा प्रश्न कुणी कुणाला विचारायचा? तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस या भानगडीत कशाला पडला, असं तुमच्या मनात येईल. त्याचं उत्तर सोपं आहे. विम्याचे बहुतेक वाद शेवटी एकाच शब्दापाशी येऊन थांबतात, आणि तो शब्द म्हणजे 'कारण'. हा शब्द आमच्या शास्त्रातला. अडीच हजार वर्षं आम्ही त्यावर भांडतो आहोत.

हा विषय मी वरळीच्या बीडीडी चाळींच्या आधाराने मांडणार आहे, कारण 'सार्वजनिक इमारत' म्हणजे काय, ती कशी जुनी होते आणि तिची जोखीम नक्की कोण उचलतो, हे शंभर वर्षांच्या पटावर बघायचं असेल तर याहून चांगलं उदाहरण मुंबईत नाही.

आधी थोडा इतिहास. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्या हे त्याचं मूळ, असं सरकारला वाटलं आणि १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. बीआयटी चाळी त्याच्या. बीडीडी चाळी वेगळ्या. पहिल्या महायुद्धानंतर गिरण्या जोरात होत्या, कामगारांचा लोंढा येत होता आणि राहायला जागा नव्हती. तेव्हाचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली एक नवं खातं काढलं, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी. सर लॉलेस हेपर हे त्याचे संचालक. या खात्याकडे दोन मोठी कामं होती. एक, बॅक बेचा समुद्र भरून काढणं. दुसरं, कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधणं. पैसा उभा करायला शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया जकात बसवली.

पन्नास हजारांचं स्वप्न सोळा-साडेसोळा हजारांवर आटोपलं. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या. त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, एका मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ऐंशी. खोली १६० चौरस फुटांची. नळ आणि संडास मजल्यावर सामाईक.

एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे. या चाळी सिमेंट काँक्रीटच्या आहेत. गिरगावातल्या किंवा लालबागच्या खासगी चाळी बहुधा लाकडी खांब-तुळयांच्या आणि विटांच्या. लाकूड कुजलं तर दिसतं. वाळवी लागली तर भुसा पडतो. काँक्रीटचं दुखणं मात्र आतलं असतं. समुद्राची खारी हवा आणि पाझरणारं पाणी आतल्या सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंजाचं आकारमान मूळ पोलादाच्या कितीतरी पट होतं, आणि तो गंज आतून काँक्रीट फोडतो. रहिवाशाला दिसतो तो फक्त शेवटचा अंक: छताचा पोपडा निघाला, सळई उघडी पडली. कधी सुरू झालं ते, हे कुणी सांगू शकत नाही.

सुरुवातीला वरळीच्या चाळींत राहायला लोक येईनात. गिरणीपासून लांब, अंधाऱ्या आणि भाडंही परवडत नसे. कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने त्यांतल्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. 'बीडीडी चाळी मुळात तुरुंग म्हणूनच बांधल्या' असं जे ऐकायला मिळतं, त्याचा उगम इथे आहे. बांधल्या होत्या त्या कामगारांसाठीच. पुढे त्या भरल्या, आणि कशा भरल्या ते तुम्ही जाणता. गिरणी कामगार, पोलीस, सरकारी नोकर, कोकणातले, घाटावरचे, बौद्ध समाजाचे लोक. दलित पँथरच्या काळातली १९७४ची वरळीची दंगल इथलीच. चाळीचा मालक मात्र कायम एकच राहिला: सरकार. देखभाल सार्वजनिक बांधकाम खात्याकडे.

आता विम्याकडे वळू.

याच सुमाराला, १९१९ साली, सर दोराबजी टाटांनी मुंबईत न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स काढली. म्हणजे शहरात विमाही होता आणि काँक्रीटच्या चाळीही होत्या. पण त्या दोघांची गाठ पडली नाही. सरकारचा जुना दंडक असा की सरकारी मालमत्तेचा विमा सहसा बाजारात उतरवायचा नाही. यामागचा युक्तिवाद चुकीचा नाही. ज्याच्याकडे हजारो इमारती आहेत, त्याने विमा कंपनीला हप्ते भरत बसण्यापेक्षा एखादी पडली तर स्वतःच्या तिजोरीतून बांधावी, ते स्वस्त पडतं. महाराष्ट्र सरकारने तर स्वतःचं विमा संचालनालयच ठेवलं आहे, वांद्र्याला. सरकारी कामांचे कंत्राटदार विमा तिथेच उतरवतात.

पण इथे एक फट राहते. सरकार स्वतःचा विमा स्वतः करतं, तेव्हा नुकसान कुणाचं मोजलं जातं? मालकाचं. इमारत सरकारची, तिची किंमत सरकारची. आत राहणाऱ्याची भांडी, कपाट, शिलाई मशीन, मुलांची पुस्तकं, आणि मुख्य म्हणजे राहण्याचा हक्क, हे त्या हिशेबात येतच नाही. विम्याच्या भाषेत याला 'विमायोग्य हितसंबंध' म्हणतात. ज्या वस्तूच्या नाशाने तुमचं आर्थिक नुकसान होतं, तिचाच विमा तुम्हाला उतरवता येतो. बीडीडीतला भाडेकरू आपल्या सामानाचा विमा उतरवू शकत होता, पण भिंतींचा नाही, कारण भिंती त्याच्या नव्हत्या. आणि डोक्यावर पडणार होत्या त्या भिंतीच.

सरकार विमेकऱ्याच्या जागी येऊन उभं राहतं तेव्हा काय होतं, याचा मुंबईतला एक जुना दाखला सांगतो. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक. फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजावर कापूसही होता आणि सुमारे चौदाशे टन दारूगोळाही. आधी आग लागली, मग दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. गोदीमागच्या वस्तीतल्या इमारतींवर इमारती पडल्या, मग त्या पेटल्या. लोकांकडे पॉलिस्या होत्या आगीच्या. आता सांगा, नुकसान कशामुळे झालं? आगीमुळे की स्फोटामुळे? स्फोट आगीतून झाला, हे खरं. पण फुटला तो युद्धाचा माल. आगीच्या पॉलिसीत बसतं का हे? हे भांडण कोर्टात चाललं असतं तर एक पिढी गेली असती. सरकारने त्याच वर्षी भरपाईसाठी खास अध्यादेश काढला आणि पैशाची सोय केली. कारणाचा प्रश्न सुटला नाही, बाजूला ठेवला गेला. सरकारला तसं करता येतं. विमा कंपनीला येत नाही, कारण तिचं सगळं अस्तित्वच कारणावर उभं आहे.

म्हणून आता पॉलिसीचा कागद उघडू.

१९७३च्या १ जानेवारीपासून देशातल्या सर्वसाधारण विमा कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. शंभरावर कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. आगीच्या विम्याचा देशभर एकच मसुदा रुळला, ज्याला आपण 'स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स पॉलिसी' म्हणून ओळखतो. घरांसाठी १ एप्रिल २०२१पासून 'भारत गृह रक्षा' आली, पण सांगाडा बराचसा तोच आहे. ही पॉलिसी म्हणजे एक यादी आहे. आग, वीज, स्फोट, दंगल, वादळ, पूर, जमीन खचणं, दरड, वाहनाची धडक, पाण्याची टाकी फुटणं, वगैरे. या यादीतल्या एखाद्या संकटाने नुकसान झालं तरच पैसे.

आता यादी पुन्हा वाचा. त्यात 'इमारत कोसळणं' कुठे आहे?

नाही. कुठेही नाही. विम्याच्या दृष्टीने इमारत 'पडत' नसते. तिला कुणीतरी 'पाडावं' लागतं, आणि त्या पाडणाऱ्याचं नाव यादीत असावं लागतं. शंभर वर्षांच्या गंजाने, गळतीने, हलगर्जीने इमारत बसली, तर विम्याच्या भाषेत काही घडलेलंच नाही.

आपल्याकडे म्हण आहे: कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. संस्कृतात त्याला काकतालीय न्याय म्हणतात. इमारत कोसळण्याच्या प्रत्येक क्लेमची हीच गोष्ट आहे. जुलैतली रात्र, मुसळधार पाऊस, आणि चाळीचा एक भाग खाली येतो. रहिवासी म्हणतो, पावसाने पडली. पाऊस म्हणजे वादळ-पूर, यादीत आहे, पैसे द्या. कंपनी म्हणते, पाऊस हा नुसता कावळा. फांदी आधीच किडली होती. असाच पाऊस शेजारच्या इमारतीवर पडला, ती उभी आहे.

न्यायशास्त्रात याची फार बारीक चर्चा आहे. घट तयार होतो त्याला माती लागते, ते समवायी कारण. कुंभाराचा दंड लागतो, ते निमित्त कारण. आणि माती वाहून आणणारं गाढव? गाढव आधी होतं, तिथे होतं, पण ते कारण नव्हे. त्याला नैयायिक 'अन्यथासिद्ध' म्हणतात: हजर, पण कारणात न मोजण्यासारखं. विमा कंपनीचा सर्व्हेअर नेमकं हेच काम करतो. पाऊस दंड होता की गाढव, एवढंच त्याला ठरवायचं असतं. त्याच्या अहवालात सिमेंटचे नमुने असतात, सळईचे फोटो असतात, आणि हवामान खात्याचे आकडे असतात.

हे आकडेही किती फसवे असू शकतात बघा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला ७३. वरळी या दोघांच्या मध्ये. उद्या वरळीतल्या एखाद्या इमारतीचा क्लेम असेल तर आकडा कुठला धरायचा? एका वेधशाळेत प्रलय आहे, दुसरीत साधा पावसाळी दिवस.

कोर्टांनी यावर काय म्हटलं? दोन निकाल सांगतो, दोन्ही सर्वोच्च न्यायालयाचे.

पहिला गोव्यातला आहे. झुआरी इंडस्ट्रीजच्या कारखान्यात १९९९ साली विजेच्या पॅनलमध्ये क्षणभर ज्वाळ उठली, वीज गेली, आणि त्या साखळीत पुढे बॉयलरचं मोठं नुकसान झालं. कंपनीचं म्हणणं, बॉयलर काही जळला नाही, मग आगीचे पैसे कशाला? न्यायालयाने २००९ साली सांगितलं की आग किती वेळ टिकली हे महत्त्वाचं नाही; घटनांची साखळी जिने सक्रियपणे सुरू केली, ती आगच होती. पैसे द्यावे लागले. म्हणजे 'निकट कारण' हे वेळेने जवळचं नसतं, परिणामाने जवळचं असतं. नैयायिकांना हे आवडलं असतं.

दुसरा निकाल जुना आहे, १९६६चा, आणि मला तो जास्त अस्वस्थ करतो. बंगालमध्ये मुर्शिदाबाद जिल्ह्यात धुलियान हे गंगेकाठचं गाव. १९५०च्या सुमाराला तिथल्या काही घरांना पुराचं आणि नदीचं पात्र बदलण्याचं संरक्षण मिळालं होतं. नदी काठ खात खात जवळ आली. घरं अजून उभी होती, तेवढ्यात कंपनीने संरक्षण रद्द केल्याचं कळवलं. नंतर घरं नदीत गेली. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कागदावर कंपनीला तो अधिकार होता, आणि न्यायालय कितीही वाजवी वाटलं तरी पक्षकारांसाठी नवा करार लिहून देऊ शकत नाही. तर्क निर्दोष आहे. पण त्याचा अर्थ असा की संकट दिसू लागलं की विमा निघून जाऊ शकतो.

आणि तो कसा निघून जातो, हे आपल्या नेहमीच्या फायर पॉलिसीतही लिहिलेलं आहे. अटींमध्ये एक कलम आहे, आमच्याकडे कुणी वाचत नाही ते. इमारत किंवा तिचा काही भाग पडला किंवा जागचा सरकला, तर त्या तारखेपासून सात दिवसांनी पॉलिसीचं सगळं संरक्षण संपतं. अपवाद एकच: ती पडझड यादीतल्या संकटाने झाली असली पाहिजे. सात दिवसांच्या आत कंपनीला कळवलं, तर कंपनी नव्या अटींवर, नव्या दराने विमा पुढे चालू ठेवू शकते. ठेवलाच पाहिजे असं नाही.

याचा व्यवहारात अर्थ काय? जिन्याचा एक तुकडा पडला. कुणाला लागलं नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीने गवंडी बोलावून डागडुजी केली. आठव्या दिवसापासून अख्ख्या इमारतीला विमा आहे की नाही, हा प्रश्न उभा राहिला. तीन महिन्यांनी शॉर्ट सर्किटने आग लागली. आता सर्व्हेअर विचारणार: तो जिना कधी पडला होता?

या कलमाचं कूळ जुनं आहे. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला आणि मागोमाग शहर जळलं. तिथल्या पॉलिस्यांतही असंच कलम होतं: आगीशिवाय इतर कारणाने इमारत पडली की विमा तिथेच संपला. मग शहरभर एकच वाद सुरू झाला. ज्वाळा पोचल्या तेव्हा घर उभं होतं की पडलेलं? शेजाऱ्यांच्या साक्षी, फोटो, तर्क. कारण मिनिटांवर येऊन ठेपलं.

पण 'पडणं' म्हणजे तरी काय? ढिगाऱ्यातला एकेक दाणा काढत गेलं तर तो ढीग केव्हा उरत नाही, हे जुनं कोडं आहे. अमेरिकेत काही घरविम्यांत कोसळण्याला मर्यादित संरक्षण असतं, आणि तिथे हे कोडं थेट कोर्टात गेलं. कनेक्टिकट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली म्हटलं की इमारतीच्या मजबुतीची गंभीर हानी झाली तरी ते कोसळणंच; जमीनदोस्त व्हायची वाट बघायला नको. पुढे त्याच राज्यात सदोष खडीमुळे हजारो घरांचे पाये आतून भुगा होऊ लागले. तेव्हा २०१९ साली त्याच न्यायालयाने मर्यादा घातली: घर पडण्याचा धोका तोंडावर आलेला असला पाहिजे. दरम्यान कंपन्यांनी नव्या पॉलिस्यांत शब्दच बदलले, आणि 'अचानक खाली येणं' एवढंच कोसळणं धरलं. तडे गेलेली, कललेली, पण उभी इमारत बाहेर.

आपल्या मुंबईत हे कोडं आणखी क्रूर होतं. महापालिका धोकादायक इमारतींची वर्गवारी करते. 'सी-१' म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडा. रहिवासी आज्ञा पाळून बाहेर पडतात. पण फायर पॉलिसीची दुसरी अट सांगते की इमारत तीस दिवसांहून जास्त रिकामी राहिली आणि कंपनीची संमती घेतली नसेल, तर संरक्षण संपतं. जो जीव वाचवायला बाहेर पडला, त्याचा विमा गेला. जो आत राहिला, त्याला कंपनी विचारणार की धोक्याची नोटीस हातात असताना राहिलात कसे?

जमीन खचण्याचं संरक्षण आहे, असं कुणी म्हणेल. आहे. पण त्याच्या खालचे अपवाद वाचा. भरावाची जमीन बसली तर नाही. सदोष आराखडा, काम किंवा साहित्य असेल तर नाही. शेजारी खोदकाम किंवा बांधकाम चालू असल्याने झालं तर नाही. आता मुंबई डोळ्यांसमोर आणा. सात बेटांमधली खाजणं बुजवून उभं केलेलं शहर. वरळी आणि महालक्ष्मीमधली समुद्राची खिंड अठराव्या शतकाच्या अखेरीस बांध घालून बंद केली तेव्हापासून भराव चालूच आहे. आणि ज्या खात्याने बीडीडी चाळी बांधल्या, तेच खातं बॅक बे भरत होतं. अशा शहरात 'भरावाची जमीन वगळून' हा अपवाद म्हणजे जवळजवळ नियमच झाला.

शेजारच्या पायलिंगने जुन्या चाळीला तडे गेले, तर आपल्या पॉलिसीवर विसंबून चालत नाही. तिथे कंत्राटदाराच्या 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' पॉलिसीतल्या तृतीय पक्षाच्या भागाकडे जावं लागतं. काम सुरू व्हायच्या आधी आपल्या भिंतींचे फोटो तारखेसह काढून ठेवले नसतील, तर तडे आधीचेच होते, हे उत्तर ठरलेलं असतं.

मग या शहराने काय केलं? काहीच नाही, असं नाही. एक फार विलक्षण गोष्ट केली, तिला विमा म्हटलं नाही एवढंच. साठच्या दशकात दर पावसाळ्यात जुन्या चाळी पडत होत्या. भाडं कायद्याने गोठलेलं, मालक दुरुस्ती करेनात. १९६८ साली बेडेकर समिती नेमली गेली आणि १९६९ साली इमारत दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. मुंबई बेटावरच्या जुन्या भाड्याच्या इमारतींवर उपकर बसवला. सगळ्यांनी थोडं थोडं द्यायचं, आणि ज्याची इमारत पडायला आली, तिच्यावर खर्च करायचा. पुढे हे मंडळ म्हाडात आलं.

नीट बघा, हा विमाच आहे. हप्ता आहे, समान जोखीम असलेल्यांचा समूह आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं, इथे कुणी कारण विचारत नाही. वाळवी असो, गळती असो, मालकाचा नाकर्तेपणा असो. 'जुनी झाली' हेच पुरेसं. बाजारातला विमा जी गोष्ट वगळतो, नेमकी तीच या योजनेने उचलली. पैसा अपुरा पडला, मंडळाची कामं रखडली, संक्रमण शिबिरांत पिढ्या गेल्या, हे सगळं खरं. पण कल्पना म्हणून १९६९चा तो कायदा फायर पॉलिसीच्या पुढे होता.

आणि बीडीडी चाळी? त्या उपकरातही नाहीत. सरकारी इमारतींना त्या कायद्यातून सूट. म्हणजे बाजारातला विमा नाही, उपकराची ढाल नाही, आणि मालक स्वतःच्या नुकसानीचा हिशेब स्वतःच ठेवणारा. लालबागच्या खासगी चाळीतल्या भाडेकरूला निदान एक मंडळ होतं, ज्याच्या दारात तो भांडू शकत होता.

सार्वजनिक मालक म्हणजे सुरक्षित मालक, हा आपला समज २७ सप्टेंबर २०१३ला माझगावात गाडला गेला. डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मंडईची इमारत महापालिकेची. राहणारे महापालिकेचे कर्मचारी आणि त्यांची कुटुंबं. वय जेमतेम तीस-बत्तीस वर्षं. पहाटे ती बसली आणि ६१ माणसं गेली. तळमजल्याची जागा एका व्यावसायिकाला भाड्याने दिली होती आणि तिथे केलेल्या फेरबदलांवर ठपका आला. आता त्याला विम्याची कसोटी लावा. फेरबदल? अपवाद. सदोष देखभाल? यादीत नाही. उरतं काय, तर सानुग्रह मदत. 'सानुग्रह' या शब्दाकडे लक्ष द्या. अनुग्रह म्हणजे कृपा. हक्क नव्हे. १९९१चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आहे, पण भोपाळनंतर आलेला तो कायदा घातक पदार्थ हाताळणाऱ्यांपुरता आहे. हजारो माणसं ज्यात राहतात अशा इमारतीच्या मालकाने त्या माणसांसाठी विमा घेतलाच पाहिजे, अशी सक्ती तो करत नाही. रस्त्यावरच्या स्कूटरला तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. चार मजल्यांच्या चाळीला नाही.

आता आजच्या घडीला येऊ. २०१६ साली बीडीडीच्या पुनर्विकासाचं काम म्हाडाकडे आलं, २०१७च्या एप्रिलमध्ये जांबोरी मैदानावर भूमिपूजन झालं, २०२१च्या ऑगस्टमध्ये वरळीत प्रत्यक्ष कामाचा शुभारंभ, आणि १४ ऑगस्ट २०२५ला पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांतून पाचशेत, तिसऱ्या मजल्यावरून चाळिसाव्यापर्यंत. आनंदाचीच गोष्ट आहे, आणि त्यासाठी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली आहे.

पण विम्याच्या दृष्टीने त्या चावीबरोबर आणखी एक गोष्ट हातात आली. जोखीम. शंभर वर्षं ती सरकारकडे होती, बरी-वाईट. आता घर मालकीचं, आणि आज ना उद्या इमारत सोसायटीची. उद्या चाळीस मजल्यांच्या टॉवरचं प्लास्टर पडलं तर बांधकाम खात्याच्या कचेरीत मोर्चा नेता येणार नाही. देखभालीच्या बिलात 'विमा शुल्क' असा एक रकाना असतो, त्यावर वार्षिक सभेत पाच मिनिटंही कुणी बोलत नाही. तिथे बोला.

काय बोलायचं? पॉलिसी सर्वसाधारण सभेत वाचून दाखवायला सांगा, अपवादांसह. इमारतीची किंमत पुनर्बांधणीच्या खर्चाने धरली आहे का, ते विचारा. पडझडीचं कलम आणि रिकाम्या इमारतीचं कलम सेक्रेटरीच्या टेबलावर लावून ठेवा, म्हणजे पहिला तुकडा पडला की सात दिवसांच्या आत कंपनीला लेखी पत्र जाईल. तीस वर्षांची वाट न बघता रचनात्मक तपासणी करा आणि तिचे अहवाल जपा, कारण उद्या 'फांदी किडलेली नव्हती' हे दाखवणारा तोच एक कागद असेल. क्लेम नाकारला तर घाबरू नका. सर्व्हेअरचा अहवाल म्हणजे अंतिम शब्द नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ सालीच सांगितलं आहे. अपवाद लागू पडतो हे सिद्ध करण्याचं ओझं कंपनीवर असतं. आणि २०२२ सालच्या एका निकालात, तळघरातल्या दुकानाला विमा विकून 'तळघर वगळून' असं कलम पुढे करणाऱ्या कंपनीला न्यायालयाने दाद दिली नाही. संरक्षणाचा गाभाच खाऊन टाकणारा अपवाद चालणार नाही, असा त्याचा रोख आहे.

एक प्रश्न मात्र सोसायटीच्या पातळीवर सुटणारा नाही. म्हातारपणाने पडणाऱ्या इमारतीची जोखीम कुणी घ्यायची? विमा कंपनी ती घेणार नाही, आणि तिला दोष देण्यात अर्थ नाही. जे घडणारच आहे त्याचा विमा होत नसतो, शक्यतेचा होतो. माणूस मरणार हे नक्की असूनही आयुर्विमा होतो, कारण केव्हा हे माहीत नसतं, आणि हप्त्यातून रक्कम साचत जाते. इमारतीसाठीही असंच काही लागेल: पहिल्या दिवसापासून साचणारा, दुसरीकडे न वळवता येणारा निधी, आणि त्यावर सक्तीचा तृतीय पक्षाचा विमा. १९६९च्या उपकराने अर्धी वाट चालून दाखवली आहे. उरलेली अर्धी सार्वजनिक इमारतींसाठी आधी चालायला हवी, कारण तिथे राहणाऱ्याला भिंतींवर हक्क नसतो आणि भिंतींपासून सुटकाही नसते.

वरळीत आज नवे टॉवर आणि जुन्या चाळी शेजारी शेजारी उभ्या आहेत. जुन्या चाळीत जी कुटुंबं अजून राहतात, त्यांच्यासाठी हा इतिहास झालेला नाही. आपण त्याला इतिहास म्हणतो, ते जरा लवकर म्हणतो.